घर घेण्याआधी इंजिनियरकडून तपासणी : टोकनच्या आधी की नंतर?

जांभूळपान

नमस्कार मंडळी,

गेले सात महिने आम्ही ठाण्यात घर शोधतोय. नवीन इमारत बजेटमध्ये बसवायची तर घोडबंदर रोडला पार कासारवडवलीच्या पुढे जावं लागतं, आणि सासूबाईंना पाचपाखाडी-नौपाडा सोडायचं नाही. त्यांचे डॉक्टर, देऊळ, संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या मैत्रिणी, सगळं इथेच. म्हणून रिसेल बघायचं ठरलं.

मागच्या महिन्यात पाचपाखाडीत एक टू बीएचके पाहिला. १९९४ ची इमारत, दुसरा मजला, हॉलला समोरासमोर खिडक्या, नुकताच रंग दिलेला, हॉलभर पीओपीचं सीलिंग. सासूबाई तर देव्हारा कुठल्या भिंतीला लावायचा ते बोलायला लागल्या. एजंट म्हणाला, एक लाख टोकन देऊन टाका, उद्या दुसरी पार्टी येतेय. नवऱ्याने चेकबुक बाहेर काढलं होतं.

तेवढ्यात पुण्याच्या मोठ्या दिरांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "इमारत कुणी बघितली का?" आम्ही म्हटलं, कर्ज काढतोय, बँकेचा व्हॅल्युअर येईलच की. ते म्हणाले, "अगं, तो येतो बँकेची रक्कम वसूल होईल का ते बघायला. वीस मिनिटांत चार फोटो काढून जातो. तुमच्या छताचं त्याला काय?" मग त्यांनीच त्यांच्या ओळखीतले ठाण्यातले एक स्ट्रक्चरल इंजिनियर सुचवले. एजंटकडून दोन दिवस मागून घेतले.

त्या दिवशी जे पाहिलं ते इथे लिहायलाच हवं असं वाटलं. इंजिनियर आले आणि घरात शिरलेच नाहीत. आधी पंचवीस मिनिटं पार्किंगमध्ये. हातात छोटी हातोडी आणि टॉर्च. एकेका कॉलमला खालपासून वरपर्यंत ठोकत गेले. खांद्याच्या उंचीला टणटण आवाज यायचा आणि गुडघ्याखाली आला की ढबढब. मला म्हणाले, "तुम्ही ठोका." फरक माझ्याही कानांना कळला. खालचा दीड फूट भाग नव्याने गिलावा करून रंगवलेला होता आणि त्यातूनही उभी बारीक रेघ वर चढली होती. "ही रेघ सळईच्या बरोबर वर आहे. आत गंज फुगतोय."

मग वर गेलो. हॉलच्या सीलिंगमधला एक दिवा त्यांनी मालकांची परवानगी घेऊन काढला, त्या भोकातून फोन आत घातला आणि फ्लॅश लावून फोटो घेतले. फोटोत स्लॅबच्या खालची खपली गेलेली आणि सळया उघड्या पडलेल्या, माशाच्या काट्यासारख्या, तपकिरी. मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आम्ही दहा वर्षांपूर्वी सीलिंग करून घेतलं, त्यानंतर वर कधी बघितलंच नाही." माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागितला, तर "काम चालू आहे" एवढंच उत्तर आलं. आम्ही टोकन दिलं नाही. इंजिनियरांची फी आठ हजार झाली. एजंट मात्र नाराज. म्हणाला, "ताई, ठाण्यात असं कोणी करत नाही."

खरंच कोणी करत नाही का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, मालकांना कसं विचारलंत? टोकनच्या आधी केलंत की नंतर? आणि नेमकं काय काय बघून घ्यायचं? आमची शोधमोहीम अजून चालूच आहे.

पाऊसपाणी

आम्ही केलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

नेरूळला मार्चमध्ये घर बघितलं, एप्रिलमध्ये रजिस्ट्रेशन, मे महिन्यात राहायला आलो. भिंती कोरड्या ठणठणीत होत्या. १० जुलैच्या रात्री अडीच वाजता मुलाच्या खोलीतून मोठा आवाज आला. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर छताचा ताटाएवढा तुकडा पडला होता. टेबलावर, पलंगावर नाही, एवढंच नशीब. त्याच्या भूगोलाच्या वहीत सिमेंटचे कण अजून आहेत, मी ती वही टाकलेली नाही.

वरच्या घरातलं बाथरूम मूळ जागेवरून सरकवून आमच्या मुलाच्या खोलीवर आणलं होतं. हे आधी कळलं असतं तर आम्ही घर घेतलंच नसतं. मंजूर नकाशा हातात धरून एकदा वर चढलो असतो तरी पुरे होतं.

पुढची अडीच वर्षं सोसायटी, वरचे मालक आणि आम्ही यांच्यात गेली. सोसायटीचे उपविधी (नियम) असं सांगतात की गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, सामाईक पाइपातून येणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि संडास-बाथरूम-सिंकमुळे घरातल्या घरात होणाऱ्या गळतीचा खर्च त्या त्या सदनिकाधारकाने करायचा. कागदावर इतकं स्पष्ट आहे. पण गळती नक्की कशातून होते हेच कोणी मान्य करत नाही आणि तोवर बादली आपल्या घरात असते. शेवटी एक लाख ऐंशी हजार आम्हीच घातले.

जांभूळपान, तुम्ही योग्य केलंत. एजंटचं बोलणं मनावर घेऊ नका. आणि शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्येच बघा, तेही दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर.

मधली_सुट्टी

तत्त्व मान्य आहे, पण व्यवहाराचं बोलूया. नौपाड्यात बऱ्या स्थितीतला फ्लॅट बाजारात आला तर दोन दिवस टिकत नाही. मालकाकडे तीन गिऱ्हाइकं असतात. त्यातला एक म्हणतो, मी आधी इंजिनियर आणतो. मालक त्याला का थांबेल? आम्ही असे दोन फ्लॅट घालवलेत. आठ हजार रुपये फीसाठी आम्ही मागे सरलो नव्हतो, वेळ मिळाला नाही. जे घर दहा वर्षं भाड्याने राहून हातात यायचं ते तपासणीच्या नादात जातं, हेही दुःख आहेच.

सळई_सिमेंट

मी बावीस वर्षं याच कामात आहे, ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे. जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्या हवेबद्दल. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि तोवर आतली सळई सुरक्षित असते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो आणि तो अल्कधर्म कमी होत जातो. तो थर सळईपर्यंत पोचला की गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतं, म्हणून काँक्रीट आतून फुटतं आणि खपली पडते. आपल्याकडे त्यात क्षारांची भर. ऐंशी-नव्वदच्या दशकात रेतीबंदरला खाडीतून निघणारी रेती या भागात सर्रास वापरली जायची. नीट धुतलेली नसेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच काँक्रीटमध्ये. वाशी-कोपरखैरण्याकडे भराव घातलेली सखल जमीन, जिथे सिडकोने भरतीचं आणि पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव ठेवले आहेत. खाली ओल, वर चार महिने पाऊस. म्हणून आपल्या तीस वर्षांच्या इमारतीची तुलना नाशिकच्या तीस वर्षांच्या इमारतीशी करू नका.

आता भेगा. घर बघायला आलेले लोक भिंतीवरची प्रत्येक भेग बघून घाबरतात आणि कॉलमवरची रंगवलेली भेग त्यांना दिसत नाही. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली सरळ भेग बहुतेक वेळा गिलाव्याची असते, मध्ये जाळी न मारल्यामुळे. ती दुरुस्त होते. गिलाव्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांनीही झोप उडवून घ्यायची गरज नाही. मात्र कॉलमवर किंवा बीमच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत लांब भेग असेल, तिच्या आजूबाजूला तपकिरी डाग असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर थांबा. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, तिरकी भेग असेल तर तिथेच इंजिनियरला फोन करा. दारं-खिडक्यांच्या चौकटी तिरक्या झाल्या असतील, दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल, तर इमारत बसतेय का ते तपासावं लागतं.

जांभूळपान यांच्या इंजिनियरांनी पार्किंगपासून सुरुवात केली, ते अगदी बरोबर. सगळ्या इमारतीचं वजन तिथे येतं, कुणी इंटिरियर केलेलं नसतं, सहसा काही झाकलेलं नसतं. तिथून गच्चीवर जायचं. पॅरापेटच्या (कठड्याच्या) भिंती, पाण्याच्या टाकीच्या खालची बाजू, वॉटरप्रूफिंगच्या फुगलेल्या जागा बघायच्या. मग जिना आणि डक्ट, म्हणजे पाइप जातात ती उभी पोकळी. घर सगळ्यात शेवटी. घरातही सगळ्यात आधी बाथरूमच्या पलीकडची भिंत, नंतर पश्चिमेकडच्या आणि नैर्ऋत्येकडच्या भिंती. पावसाचा मारा तिकडून असतो.

उपकरणांबद्दल. एका फ्लॅटच्या तपासणीत ओल मोजायचं मीटर आणि हातोडी एवढ्यावरही बरंच कळतं. पूर्ण इमारतीच्या ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा), अल्ट्रासॉनिक पल्स (काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग), हाफ सेल (सळईच्या गंजाचा विद्युत अंदाज), कार्बोनेशन (अल्कधर्म किती खोलीपर्यंत कमी झालाय), गरज पडली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना काढणं, अशा चाचण्या येतात. सोसायटीने ऑडिट अहवाल दिला तर शेवटचं पान वाचून परत देऊ नका, आतले आकडे बघा. अल्ट्रासॉनिकमध्ये सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर वेग म्हणजे काँक्रीट उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगलं, साडेतीनच्या खाली म्हणजे शंकास्पद. हाफ सेलमध्ये उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडे असतील तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. कार्बोनेशनची चाचणी तर डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. निरोगी भाग गडद गुलाबी होतो, मेलेला, म्हणजे अल्कधर्म गेलेला भाग रंगच घेत नाही. मी घरमालकांना मुद्दाम समोर उभं करून दाखवतो. एकदा तो बिनरंगाचा पट्टा सळईच्या मागेपर्यंत गेलेला पाहिला की माणूस वाद घालत नाही.

सळई_सिमेंट

वरचा प्रतिसाद लांबला म्हणून वेगळं लिहितो.

ऑडिट सोसायटीच्या मर्जीवर नसतं. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षं पूर्ण झाली की नोंदणीकृत इंजिनियरकडून तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे वय पूर्णत्वाचा दाखला, भोगवटा (राहायची) परवानगी किंवा निम्मी इमारत प्रत्यक्ष वापरात आली तो दिवस, यातला जो आधीचा असेल तिथून मोजतात. जांभूळपान, तुमची १९९४ ची इमारत यात आली. त्यामुळे सेक्रेटरींचं "चालू आहे" हे उत्तर पुरेसं नाही.

महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. घर बघायला जाण्याआधी ही यादी बघा. मी हे भीती घालायला सांगत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यात बी केबिनजवळची जुनी इमारत रात्री कोसळली तेव्हा १२ माणसं गेली. आमच्यापैकी ज्यांनी तो ढिगारा पाहिला ते आजही पार्किंगमध्ये आधी कॉलम बघतात.

मधली_सुट्टी, तुमची अडचण खरी आहे, मी रोज पाहतो. पण एक सांगतो, पहिल्या फेरीला इंजिनियर लागत नाही. पार्किंग, गच्ची, जिना, डक्ट हे तुम्ही स्वतः अर्ध्या तासात बघू शकता, आणि दहातली सहा-सात घरं तिथेच बाद होतात. उरलेल्यांसाठीच फी द्या.

गोखले_रोड_कडून

टोकनबद्दल मी काय केलं ते सांगतो. एक लाखाऐवजी अकरा हजार दिले, चेकने, आणि दोन्ही बाजूंच्या सहीने एक साधं पत्र केलं. मजकूर असा होता : "खरेदीदार सात दिवसांत स्वखर्चाने तांत्रिक तपासणी आणि कागदपत्रांची छाननी करून घेईल. त्यात गंभीर दोष आढळल्यास किंवा मालकीत अडचण दिसल्यास ही रक्कम पूर्ण परत मिळेल. तोपर्यंत विक्रेता अन्य कोणाशी व्यवहार करणार नाही." मालक मास्तर होते, त्यांनी वाचून लगेच सही केली. एजंटने आधी नाक मुरडलं, नंतर स्वतःच त्या पत्राची एक प्रत मागून घेतली.

मधली_सुट्टी

हे पटलं. सात दिवसांची ही अट मी वापरून बघतो. आभार.

लेस्टरकर

मूळ डोंबिवलीचा, गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये. इथे घर घेताना सर्व्हे ही रोजची गोष्ट आहे. आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेचे सदस्य तीन पातळ्यांचे सर्व्हे करतात. साध्या, नव्या घराला पहिली, बहुतेक घरांना दुसरी, आणि जुन्या किंवा खूप बदल केलेल्या घराला तिसरी. कर्ज देणाऱ्याचं मूल्यांकन म्हणजे सर्व्हे नव्हे, हे इथेही पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तुमच्या दिरांनी फोनवर सांगितलं ते इथल्या प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं.

एक मोठा फरक आहे. इथे किंमत ठरली तरी करारांची देवाणघेवाण होईपर्यंत कोणीही बांधलेलं नसतं. सर्व्हे त्या मधल्या काळात होतो आणि अहवाल पाहून लोक भाव कमी करून मागतात किंवा सोडून देतात. आपल्याकडे टोकन गेलं की शब्द गेला असं मानतात. म्हणून गोखले_रोड_कडून यांचं पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. तो मधला काळ त्यांनी स्वतः तयार केला.

आजोबा_खारेगाव

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो. वय ७६. गेल्या वर्षी कळव्यातलं घर विकलं. मुलगा बंगळूरला असतो, त्याच्याकडे जाण्याआधी ते मार्गी लावायचं होतं.

एक तरुण जोडपं आलं आणि मुलगी म्हणाली, "काका, आम्ही आमचे इंजिनियर आणू का?" मला राग आला. एकतीस वर्षं त्या घरात संसार केला, मुलांची लग्नं केली, आणि ही पोरं माझ्या घरात खोट शोधणार? मी नाही म्हणालो. ती दोघं गेली. रात्री ही म्हणाली, "आपल्या मुलाने असंच न बघता घर घेतलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?"

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. इंजिनियर आले. गॅलरीच्या छज्जाखाली सळई दिसत होती, वीस वर्षं मी तिथे कपडे वाळत घातले पण मान वर केली नाही. अर्थिंगही नव्हतं, तेही तेव्हाच कळलं. दोन्ही कामं मी करून दिली, सोळा हजारात झाली. त्यांनी भावात एक रुपया कमी मागितला नाही. दिवाळीला फराळ घेऊन येतात.

जांभूळपान, मालकांना विचारताना "घरात काही दोष आहे का बघायचंय" असं म्हणू नका. "आम्हाला पुढे दुरुस्तीला किती ठेवावे लागतील त्याचा अंदाज घ्यायचाय" असं म्हणा. मला तसं विचारलं असतं तर मी पहिल्याच दिवशी हो म्हणालो असतो.

जांभूळपान

आजोबा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "यांच्या बायकोला माझा नमस्कार सांग." दुरुस्तीच्या अंदाजाचं तुमचं वाक्य मी आता असंच वापरणार आहे.

खारफुटी

इमारतीबरोबर कागदाचीही तपासणी हवी आणि ती वकिलाकडून. नवी मुंबईत विशेषतः. गावठाणाच्या आसपास, घणसोली, ऐरोली, दिघा या पट्ट्यात दिसायला चकाचक इमारती आहेत ज्यांना बांधकाम सुरू करायच्या परवानगीचं प्रारंभ प्रमाणपत्रच नाही. दिघ्यातल्या अनधिकृत इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, घरं रिकामी करायची वेळ आली. बँकेने कर्ज दिलं म्हणजे इमारत अधिकृत असं समजू नका. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात घ्या आणि महापालिकेच्या नोंदीशी पडताळून बघा. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला जी इमारत पडली, ७४ माणसं गेली, ती अनधिकृत होती आणि अर्धवट बांधकामातच लोक राहायला आले होते.

सिडकोची जमीन मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली असते. आजवर जेवढ्या वेळा घर विकलं गेलं त्या प्रत्येक वेळी हस्तांतरण सिडकोत नोंदलंय का ते बघा. मधली एखादी कडी राहिली असेल तर ती निस्तरायचं तुमच्या गळ्यात येतं. सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते, तो उतारा आणि विक्रेत्याकडचा करार शेजारी शेजारी ठेवून वाचा.

क्षेत्रफळाचं एक. घरात टेप घेऊन जा. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) आतल्या भिंतींची जाडी धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतली असेल तर एजंट तेही चटईत मोजून सांगतो.

उंबरठा

रो हाउस किंवा प्लॉट घेणाऱ्यांनी सरकारी मोजणी करून घ्यावी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा, भूकरमापक येऊन हद्द दाखवतात, नंतर "क प्रत" (हद्दीचा नकाशा) मिळते. आमच्या शेजारच्या रो हाउसची मागची भिंत दोन फूट दुसऱ्याच्या हद्दीत निघाली, तीही विक्री झाल्यावर. मोजणी मालकाच्या अर्जावर होते, त्यामुळे टोकनच्या पत्रातच ती अट घाला.

पाऊसपाणी

नवीन इमारतीत घेणाऱ्यांना हे लागू नाही का? माझी बहीण खारघरला ताबा घेतेय.

सळई_सिमेंट

लागू आहे, फक्त बघायच्या गोष्टी वेगळ्या. फरशीवर नाण्याने ठोकून पोकळ फरश्यांवर खूण करा, बाथरूमचा आणि बाल्कनीचा उतार पाणी ओतून बघा, प्रत्येक सॉकेट टेस्टर लावून तपासा, आरसीसीबीचं (गळता विद्युतप्रवाह तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून ट्रिप होतं का बघा. सगळं फोटोसकट लिहून ताबा घेण्याआधी बिल्डरला द्या आणि पोच घ्या. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. मात्र बहिणीने आतल्या भिंती तोडल्या, बाथरूम सरकवलं, तर "तुम्हीच केलंत" म्हणायला त्यांना वाव मिळतो. म्हणून तपासणी आधी, इंटिरियर नंतर.

जांभूळपान

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. पाचपाखाडीच्या त्या घराच्या मालकीणबाईंना आम्ही अहवालाची प्रत दिली होती. त्यांनी ती सोसायटीच्या सभेत वाचली आणि ऑडिटसाठी इंजिनियर नेमायचा ठराव झाला, असं त्यांनी फोन करून सांगितलं.

आम्हाला खोपटला घर मिळतंय. २००३ ची इमारत, तिसरा मजला. पार्किंगचे कॉलम मी स्वतः ठोकून आले, सगळीकडे टणटण. सोसायटीने २०२१ चा ऑडिट अहवाल झेरॉक्स करून दिला. मग टोकन एकवीस हजार, सोबत सात दिवसांच्या अटीचं पत्र. मालकांना आजोबांच्या शब्दांत विचारलं, त्यांनी चहा ठेवला आणि शिडी आणून दिली.

एकच गोष्ट निघाली. आतल्या बाथरूमच्या छताला बशीएवढा ओलसर डाग. इंजिनियरांनी पेन्सिलीने त्या डागाच्या कडेने रेघ मारली, बाजूला तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिला. वरच्या मजल्यावरच्या काकूंना विनंती केली. त्यांनी दोन दिवस त्यांचं ते बाथरूम बंद ठेवलं, नहाणी ट्रॅपला (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याला) बोळा घालून दोन इंच पाणी भरून ठेवू दिलं. तीस तासांनी डाग पेन्सिलीच्या रेघेबाहेर बोटभर सरकला. गळती ट्रॅपच्या सांध्यातून होती, कोब्यातून (फरशीखालच्या जलरोधक थरातून) नव्हती. आमच्या विक्रेत्यांनी आणि काकूंनी मिळून तो ट्रॅप बदलून घेतला.

आठ दिवस छत वाळू दिलं. परवा पुन्हा पाणी भरलं. या वेळी डागाच्या जागी वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला होता. आज सकाळी ४८ तास पूर्ण झाले. कागद काढला, कोरडा होता. मीटरचा आकडाही उतरलाय. नवी रेघ मारायला काही उरलं नाही, म्हणून इंजिनियरांनी जुन्या रेघेशेजारीच आजची तारीख लिहिली.

गुरुवारी रजिस्ट्रेशन आहे. ते पेन्सिलीचं लिहिलेलं रंगाऱ्याला पुसू द्यायचं नाही, असं सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय.